खाटेखालचं पोतं

नागपूरच्या आमच्या चर्चमध्ये, छळ सोसणाऱ्या विश्वासणाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू झाली की मला रबरी चपलांचा वास येतो.

नरखेडजवळच्या गावी दर शुक्रवारी आमच्या घरी प्रार्थना व्हायची. दाराबाहेर चपला दिसू नयेत म्हणून आई त्या पोत्यात भरून खाटेखाली सरकवायची. ही युक्ती शेजारच्या गंगामावशीची. "गावाले काहून दिसू द्यायचं वं?" असं तीच म्हणाली होती. तिच्या पोराच्या तापात बाबांनी प्रार्थना केली, तेव्हापासून ती दर शुक्रवारी माझ्याजवळ बसायची, गुडघ्याला गुडघा लावून.

एका शुक्रवारी ती आली नाही. गावातली दहा-बारा माणसं आली. त्यांनी काही शोधलं नाही. एकजण सरळ वाकला आणि म्हणाला, "हे पाहा पोतं, खाटेखालीच हाये." त्याच चपलांनी त्यांनी बाबांना मारलं. समोरच्या ओसरीवर मावशी संत्रं सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

तेव्हा वाटलं, घाबरली असेल. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाची आहे, आणि तेवढीही सूट तिला देववत नाही.

आई अजून प्रार्थनेत गंगामावशीचं नाव घेते. सगळे आमेन म्हणतात. मी डोळे उघडे ठेवून दाराबाहेरच्या चपलांकडं बघत राहते.