पहिल्या पानावरचा हात

दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या त्या बाईंना सगळे ताईच म्हणत. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. हक्काचं माणूस एकच, सीमेपलीकडे दिलेली धाकटी बहीण. चार-पाच दिवसांनी तिचा फोन यायचाच. युद्ध पेटलं तरी त्यात खंड पडला नव्हता.

मग धाकटीच्या शहरावर बॉम्ब पडले. दुसऱ्या दिवशी ताईंच्या इथल्या पेपरात पहिल्याच पानावर फोटो आला: ‘विजयाचा जल्लोष, रस्त्यावर जनसागर’. आणि त्या जनसागराच्या ऐन मध्यावर ताई, हात उंचावून ओरडताना!

धुलाईघरात कौतुक झालं. “काय जोश हो ताई!” ताईंच्या तोंडचं पाणी पळालं.

धाकटीचा फोन येईना, तेव्हा त्यांनीच लावला. “अगं, मी सुटलेल्या बसला हात करत होते! निम्म्या बस बंद, म्हणून स्टॉपवर ती झुंबड.”

“मला माहितेय गं. तू कशाला नाचशील? पण फोटो इथंही पोचलाय. सासूबाईंचा भाऊ गेला, त्याच बॉम्बहल्ल्यात. सध्या फोन नको करूस, ताई.”

ताई तडक पेपरच्या कचेरीत गेल्या. उपसंपादक चहा ढवळत म्हणाला, “बाई, आम्ही पदरचं काही घातलेलं नाही. गर्दी खरी, हातही खरा.”

“आणि बस?”

“ती चौकटीत मावली नाही.”

“मावली नाही, की कापलीत? आणि जल्लोष कुणी घातला? मी तर ‘थांब, थांब’ म्हणत होते!”

“लोकांच्या मनात तेच आहे हो.”

“माझ्या मनात काय होतं, ते मला विचारलंत?”

तो परत चहा ढवळू लागला. पेपरनं खुलासा काही छापला नाही. फोटोग्राफर मात्र जिन्यापर्यंत मागोमाग आला. मान खाली घालून त्यानं अख्खा फोटो ताईंच्या मोबाइलवर पाठवला. त्यात बसचं मागचं दार स्पष्ट दिसत होतं.

ताईंनी तो लगोलग धाकटीला धाडला. तीन दिवसांनी उत्तर आलं: ‘सासूबाईंना दाखवला. म्हणाल्या, बस दिसली. पण आधी जे पाहिलं, ते डोळ्यांपुढून जात नाही.’

ताईंनी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी नुसतं ‘जपून राहा’ एवढंच पाठवलं.

हल्ली त्या सुट्टीच्या दिवशीही कामावर जातात. घरी बसवत नाही, म्हणतात.