धाकट्या जाऊबाईंचा फोन

२१ एप्रिल. तीन दिवस भिजवलेला गहू आज दुपारी वाटला, पिळला आणि चीक दोन पातेल्यांत बसायला ठेवला. उद्या पहाटे वरचं पाणी ओतायचं, चीक शिजवायचा, ऊन तापायच्या आत कुरडया घालायच्या आणि बाराच्या आत बारामतीला दस्त नोंदणीच्या कार्यालयात पोचायचं. दोन्ही कामं एका दिवशी नको होती. पण वकिलाने तारीख कळवली तेव्हा गहू भिजत घातलेला होता, आणि भिजलेला गहू कुणासाठी थांबत नाही.

बारामतीत मला धाकट्या भावजींच्या वतीने सही करायची आहे. म्हणून आज दिवसभर तेच डोक्यात आहेत.

धाकटे भावजी, म्हणजे माझे दीर सोमनाथ, यांना अंदाज चालत नसे. सोमेश्वरनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेला माणूस. "वहिनी, चिमूट सांगू नका, माप सांगा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी म्हणायचे, "भावजी, मीठ मी हातानं टाकते." ते म्हणायचे, "मग हाताचं वजन करून सांगा." एकदा त्यांनी मला दुकानातल्या तराजूवर चिमूटभर हिंग तोलायला लावला. काटा जागचा हलला नाही. "शून्य भरला," मी म्हणाले, "मग घालूच नका." त्यांनी घातला, आणि आमटी चांगली झाली म्हणून दुसऱ्या दिवशी मुद्दाम फोन करून सांगितलं.

हा फोन मेलबर्नहून यायचा. त्यांची बायको ज्योती नर्स आहे. तिला तिथल्या इस्पितळात काम मिळालं तेव्हा भावजी पोरीला घेऊन तिच्यामागे गेले. त्यांच्या डिग्रीला तिथे कुणी विचारलं नाही, आणि पोरगी सांभाळायला माणूस ठेवावा तर तो परवडेना. मग भावजी घरी राहिले. दुसरी पोरगी झाली तेव्हा कायमचेच राहिले. डबे, धुणं, पोरींच्या वेण्या, शाळेची ने-आण, दुखणीखुपणी, सगळं त्यांच्याकडे. ज्योतीने कमवायचं आणि भावजींनी घर बघायचं. तिथे ते चालतं. आमच्या कोऱ्हाळ्यात ते सांगतानासुद्धा लोक आवाज खाली आणायचे.

आमच्याकडे सकाळचे साडेसात वाजले की तिथे दुपार होते. तेव्हा रोज त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला असायचा, त्यामुळे मला त्यांची हनुवटी आणि छत एवढंच दिसायचं. छताला एक पांढरी डबी होती. फोडणीचा धूर झाला की ती किंचाळायची आणि भावजी टॉवेल फडकावत तिच्याखाली उड्या मारायचे. थोरली रेवा ओरडायची, "काकू, बाबा नाचतोय बघ!" ही पोरगी मराठी शिकली ती माझ्या फोनवरून. तिचं बोलणं थेट कोऱ्हाळ्याचं. जन्मात गोठा न बघितलेली सहा वर्षांची पोर मला विचारायची, "म्हस व्याली का न्हाय अजून?"

भावजींनी एक वही केली होती. तिच्यावर 'वहिनी' एवढंच लिहिलं होतं. मी सांगेन ते त्यात उतरवायचे. भाकरीला पाणी किती गरम, पोराच्या कानात कळ आली तर काय, पोलक्याचा डाग कशाने जातो. माझं लग्न होऊन मी डाळजहून या घरात आले त्याला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. अठरा वर्षांत मला या घरात कुणी काही विचारलं नव्हतं. भावजी लिहून काढत होते.

शाळेच्या फाटकापाशी आया गप्पा मारत उभ्या असतात आणि आपण कडेला एकटेच उभे राहतो, असं ते एकदा म्हणाले. मी विचारलं, "कुणीच बोलत न्हाय?"

"गोऱ्या बायका हसून बघतात. आपल्या बायका बघतच न्हाईत."

मी हसले. आणि फोन ठेवल्यावर शेजारच्या शकुंतलाला ते जसंच्या तसं करून दाखवलं. तोंड वाकडं करून, पदर कमरेला खोचून.

ही माझी खोड. डाळजला आमच्या घरी सगळ्यांचीच जीभ अशी. भावजी फोनवर काय म्हणाले, ते मी दुपारी बायकांना करून दाखवायचे आणि बायका पोट धरून हसायच्या. नावही मीच ठेवलं. कुणीतरी विचारलं, "तुझी धाकटी जाऊ काय करती गं तिकडं?" मी म्हणाले, "कोणती? नोकरी करती ती दीर. सैपाक करती ती जाऊ." त्या दिवसापासून आळीत भावजींना जाऊबाई म्हणायला लागले. "जाऊबाईंचा फोन आला का? जाऊबाईंनी आज काय रांधलं?" भावजींना यातलं काही माहीत नव्हतं.

एकदा ते एकटेच महिनाभर गावी आले होते. पहिल्याच दिवशी जेवण झाल्यावर ताट उचलून मोरीपाशी बसले आणि घासायला लागले. शेजारी तात्या, म्हणजे माझे सासरे, जेवत होते. तात्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "सोम्या, ऊठ तितनं." भावजी म्हणाले, "सवय झाली वो तात्या." तात्या अर्ध्या जेवणावरून उठले आणि महिनाभर भावजींच्या पंगतीला बसले नाहीत. भावजी रोज आपलं ताट घासत राहिले. माझंही घासायचे. मी ते घासू द्यायचे आणि बाहेर सांगायचे.

ज्या फोनवरून सगळं बिघडलं, त्याला सात वर्षं झाली. तो दिवसही कुरडयांचाच होता.

कुरडया एकटीने होत नाहीत. चीक शिजताना एकीने ओतायचा, दुसरीने दाबून हलवायचा, नाहीतर गाठी होतात. पुढे साचे फिरवायला, कागदावर घालायला हात लागतात. म्हणून आळीतल्या आठजणी आल्या होत्या. आज माझ्या, उद्या शकुंतलाच्या, असा आमचा फेरा असतो. चीक नुकताच उतरवला होता आणि माझे हात कोपरापर्यंत भरलेले. फोन वाजला. शकुंतलानेच बोटाने तो चालू केला, स्पीकर लावला आणि कट्ट्यावर ठेवला. त्या दिवशी व्हिडिओ नव्हता. सगळ्याजणी गप्प झाल्या. नुसत्या एकमेकींना कोपराने ढोसत होत्या.

"वहिनी, कामात हाय का?"

बायका बसल्यात, मागनं फोन करते, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणाले, "न्हाय, बोला की."

ते बोलले. आवाज नेहमीचा नव्हता. "लई एकटं वाटतंय हितं. दिवसभरात मोठ्या माणसाशी बोलणं हुतं ते तुमच्याशी. ज्योतीबरोबर बोलून झालंय. ती म्हणतीया, दोन वर्षं मी काढीन एकटी, तू पोरींना घेऊन जा. मी परत येऊ का? नोकरी बघीन, न्हाय मिळाली तर शेत हाय. तात्यांपुढं माझं तोंड उघडत न्हाय. तुमी विचारता का त्यांना?" मग ते थांबले. नाक ओढल्याचा आवाज आला. दोन पोरींचा बाप रडत होता.

आठ तोंडं माझ्याकडे बघत होती. मी काय बोलते याची वाट बघत होती. आणि मला सुचलं. वाईट गोष्ट अशी, की मला फार लवकर सुचतं.

"या की जाऊबाई," मी म्हणाले. "कुरडयाला एक बाई कमीच पडतीया."

बायका फुटल्या. शकुंतला तर कागदावरच बसली, दोन कुरडया तिच्याखाली गेल्या. हसू थांबलं तेव्हा फोन अजून चालू होता. पलीकडून रेवाचा आवाज आला, "बाबा, कोण हसतंय? जाऊबाई कोन?" मग फोन बंद झाला.

त्या दिवशीच्या कुरडया फार चांगल्या झाल्या. पांढऱ्याशुभ्र, एकसुद्धा मोडली नाही.

संध्याकाळी तात्या डेअरीवर दूध घालून आले. किटली ओट्यावर ठेवली आणि मला म्हणाले, "सोम्या येतोय म्हणं कुरडया घालायला?"

"चेष्टा केली तात्या मी."

"चेष्टाच हाय ती," तात्या म्हणाले. "चेष्टाच ऱ्हाऊ दे."

तेव्हा तरी मला सांगता आलं असतं, की तुमच्या पोराने खरंच विचारलंय. मी भाकऱ्या थापायला बसले. मला वाटलं, रुसतील आठ दिवस आणि करतील फोन. दुसऱ्या दिवशी साडेसातला मी फोन जवळ घेऊन बसले होते. महिनाभर बसत होते. मी दोनदा लावला. एकदा ज्योतीने उचलला आणि म्हणाली, "ते कामात आहेत, ताई." पुढे रेवाचा वाढदिवस आला तेव्हा पोरगी इंग्रजीत थँक्यू म्हणाली. मी म्हणाले, "म्हस व्याली गं आपली." मागून भावजींचा आवाज आला, इंग्रजीतच, आणि फोन ठेवला गेला.

चार वर्षांपूर्वी तात्या गेले. भावजी दहाव्याला आले, एकटेच. माझ्या पाया पडले. "तब्येत बरी हाय ना वहिनी," म्हणाले, पावण्याने विचारावं तसं. जेवायला पुरुषांच्या पंगतीला बसले. जेवून उठले तेव्हा मी बघत होते. ताट उचललं नाही. खरकटा हात ताटात धुतला, ताट तिथेच टाकलं आणि बाकीच्या पुरुषांसारखे सुपारी खात बाहेर गेले. ते ताट मी उचललं. जाताना त्यांना कुरडया बांधून दिल्या, तर म्हणाले, "विमानात चालत न्हाईत." मागच्या वेळी दोन डबे नेले होते.

गेल्या आठवड्यात जाड लिफाफा आला. आत तिथल्या भारतीय वकिलातीचे शिक्के मारलेले कागद. शेतातला आपला वाटा भावजींनी थोरल्या भावासाठी, म्हणजे ह्यांच्यासाठी, सोडलाय. आमच्याकडे हक्कसोड बहिणी करतात. माझ्या नणंदेने, भावजींच्या आक्काने, तात्यांच्या मागे तीन महिन्यांनी केलं. सही केली, चहा घेतला, आम्ही दिलेली साडी नेसली आणि गेली. भाऊ हक्क सोडत नाही. भाऊ बांधावर कुऱ्हाड घेऊन उभा राहतो. सोबत एक चिठ्ठी होती, माझ्या नावाने.

'वहिनी, आक्कानं सोडलं तसंच मी सोडतोय. माझ्या वतीनं सही करायला मुखत्यार म्हणून तुमचं नाव टाकलंय. पहिल्यापासनं माझ्या वतीनं तुमीच बोलत आलाय.'

ह्यांनी कागद दोनदा वाचले. खूश झाले, ते लपवायचा प्रयत्न केला, मग म्हणाले, "आता सोम्यालाबी साडी घ्यावी लागंल." आणि स्वतःच हसले. मी हसले नाही. पण खरं सांगायचं तर ते मला आधी सुचलं असतं, तर मीच बोलले असते.

२२ एप्रिल. पहाटे उठले. बायकांना मी काल संध्याकाळीच येऊ नका म्हणून सांगितलं होतं. शकुंतला म्हणाली, "एकटीनं गाठी हुतील." झाल्या. एका हाताने ओतायचं आणि एका हाताने हलवायचं जमत नाही. गाठींसकट चीक उतरवला आणि साचा भरायला घेतला. साडेसात वाजले. भरल्या हाताच्या करंगळीने मी फोन लावला, स्पीकर केला आणि कट्ट्यावर ठेवला. चार वेळा वाजल्यावर त्यांनी उचलला.

"बोला वहिनी."

"भावजी."

"स्पीकर चालू हाय का?"

"हाय. हात भरल्यात. पण अंगणात कुणी न्हाय. मी एकटीच हाय."

"कुरडया का?"

"व्हय. गाठी झाल्या."

मागे ती पांढरी डबी किंचाळायला लागली, आणि टॉवेल फडफडल्याचा आवाज आला. डबी गप्प झाली. मी म्हणाले, "भावजी, त्या दिवशी तुमी विचारलं, त्याचं उत्तर द्यायचं ऱ्हायलं. या. पोरींना घेऊन या. मी सही करत न्हाय."

"पोरी आता येत न्हाईत वहिनी. रेवा तेरा वर्षांची हाय. तिला तिकडची काय आठवण हाय, ते विचारा मला."

मी विचारलं नाही.

"आज बाराला हाय ना?" ते म्हणाले. "करून टाका. आनि हे बघा, तात्यांना विचारलंच न्हाय तुमी, ते मला दहाव्याला कळलं. माप चुकलं माझं." फोन बंद झाला.

उरलेल्या कुरडया घातल्या. गाठी साच्यात अडकत होत्या, तुटक तुटक पडल्या. हात धुतले, इरकल नेसले आणि ह्यांच्या मागे मोटरसायकलवर बसून बारामतीला गेले. कार्यालयात साहेबाने कागद बघितले, मान वर केली आणि सगळ्यांना विचारतात ते मला विचारलं, "राजीखुशीनं सोडताय ना?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. भावजींच्या वतीने मी म्हणाले, "व्हय." आणि सही केली.