मास्तरांचा लाल खडू

परळ-लालबागच्या चाळींत इंग्रजीचा जो काही धाक आहे, तो एकट्या आमच्या मास्तरांनी बसवलेला आहे. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण खिशातला लाल खडू काही निवृत्त झाला नाही. चाळीच्या दारात सूचनांचा फळा आहे. पाणी कधी येणार, कुणाचं बारसं, कोण परदेशी निघालं, सगळं त्यावर लागतं. त्यातलं चुकीचं इंग्रजी मास्तर जाता-येता दुरुस्त करत. एकदा एका मयताच्या सूचनेतल्या दोन चुका काढून मगच ते खांदा द्यायला गेले.

त्यांचा खरा राग इंग्रजीतल्या ‘दे’वर. आम्ही वडिलांना आदरानं ‘ते’ म्हणणारी मुलं, त्यामुळे इंग्रजीतही “माय फादर, दे आर स्लीपिंग” म्हणायचो. “किती वडील आहेत रे तुला?” मास्तर शांतपणे विचारत. नवऱ्याबद्दल बोलताना समोरच्या काकूंची चूक तीच. “घोवाक अरेतुरे करूक सांगतास काय मास्तर?” त्यांनी विचारलं. “फक्त इंग्रजीत करा. घरात नको,” मास्तर म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी बंगळुरूहून त्यांच्या एकुलत्या एका लेकराचा फोन आला. फोनवरचं बोलणं मला फार नंतर कळलं. ज्याला आम्ही सगळे मुलगी म्हणत आलो, ते लेकरू म्हणालं, “बाबा, मी मुलगी नाही आणि मुलगाही नाही. इंग्रजीत मला शी म्हणू नका, दे म्हणा.” मास्तर म्हणाले, “एका माणसाला दे चालत नाही,” आणि फोन ठेवला. त्या गणपतीला लेकरू आलं नाही. पुढच्याही नाही. मला दिसलं ते एवढंच, की फळ्यावरच्या चुका तशाच राहू लागल्या. मला मास्तरांची काळजी वाटू लागली.

यंदा गणपतीच्या आधी फळ्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात इंग्रजी मजकूर आला. माय चाइल्ड इज कमिंग होम ऑन सॅटरडे. दे विल डू द आरती. मास्तर थकले, असं वाटून मला भरून आलं. मी लाल खडू विकत आणला आणि ‘दे’चं ‘शी’ केलं. चाळीस वर्षांत मास्तरांची मी काढलेली ही पहिली चूक. थोडा अभिमानही वाटला.

मास्तर जिना उतरून आले. रुमालानं शब्द पुसून त्यांनी ‘दे’ पुन्हा लिहिलं, आणि मला फोनची सगळी हकिगत सांगितली. “तुझं चुकलं नाही रे. मीच शिकवलंय. पण त्यापायी दोन गणपती लेकराविना गेले माझे.” मग खाली मराठीत लिहिलं, दुरुस्ती करू नये. स्वतःचा खडूही माझ्या हातावर ठेवला.

शनिवारी लेकरू आलं. बारीक कापलेले केस, पाठीवर सॅक. फळा दोनदा वाचून ते जिन्याच्या पायरीवरच बसलं. मीही शेजारी बसलो. थोड्या वेळानं मास्तर खाली आले.

“चला वर,” ते म्हणाले. “पाणी जायच्या आत हातपाय धुऊन घ्या.”

मास्तरांनी लेकराला अहोजाहो केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. या महिन्यात फळा पुसायची पाळी माझी आहे. अजून पुसलेला नाही.