वसंतराव आणि तळ्यावरची हॉकी

वसंतराव गेल्याचं त्यांच्या कामगार कॅम्पमधल्या इब्राहिमभाईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकासमोर बसलो होतो. "डॉक्टर, आपला वसंता गेला. नाश्त्याच्या रांगेत उभा होता, खाली बसला तो बसलाच..." एवढं बोलून ते थांबले. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. छापण्यासाठी म्हणून मी आयुष्यात प्रथमच काही लिहीत आहे, तेही पन्नाशी उलटल्यावर. तेव्हा आरंभीच एक कबुली दिलेली बरी. त्या क्षणी मला आधी दुःख झालं नाही, भीती वाटली. रियाधमध्ये आठ वर्षं ज्या माणसाच्या आधाराने मी कसाबसा उभा होतो, तो माणूस आता नव्हता. आणि तळ्यावरची हॉकी तीन आठवड्यांवर आली होती.

वसंतराव मूळचे खडकीचे. तिकडच्या पुष्कळ मुलांप्रमाणे त्यांच्याही हातात क्रिकेटच्या बॅटआधी हॉकीची स्टिक आली होती. इथे ते पाइप फिटर होते आणि शहराबाहेरच्या कामगार कॅम्पमध्ये राहत. आमची ओळख झाली ती त्यांच्या खोलीतल्या एका सोबत्याच्या मृत्यूमुळे. कागदपत्रांसाठी ते रुग्णालयात आले होते. मी मराठी बोलतो हे कळल्यावर कुणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवलं आणि एका अरबी अर्जावर सही करायची वेळ आल्यावर मीच पेन खाली ठेवलं. आपण ज्या कामात पडलो ते आपलं नाही, उद्या कुणी जाब विचारला तर काय, असं काहीतरी मनात येत होतं. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, घाबरता कशाला? मेलेला माणूस आमचा आहे." मी ओशाळून सही केली. जाताना त्यांनीच मला चहा पाजला.

त्या वर्षीच त्यांनी मला तळ्यावर नेलं. तळं म्हणजे कोरड्या ओढ्याकाठची एक खोलगट जागा. हिवाळ्यातल्या एखाददुसऱ्या पावसाचं पाणी तिथे काही दिवस साठतं, मग आटतं आणि खाली राहते ती सिमेंटसारखी कडक, सपाट जमीन. दरवर्षी एका शुक्रवारी सकाळी, नमाजाच्या वेळेआधी, दोन कॅम्पांमधले सहा-सहा जणांचे चार संघ तिथे खेळत. त्या वर्षात कॅम्पमध्ये जे वारले त्यांची नावं वसंतराव आधी गावांसह उच्चारत, सगळे स्टिका जमिनीला टेकवून उभे राहत, आणि जमलेली वर्गणी सुटीवर जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती त्या घरांकडे जाई. अशा जमावाला परवानगी नव्हती, वर्गणीला तर नव्हतीच. त्यामुळे शिटी नसे, फलक नसे, आणि गोल झाला तरी कुणी ओरडायचं नसे. स्टिका नुसत्या वर करायच्या. इतकी मोठी माणसं इतक्या आनंदात इतकी गप्प असलेली मी अन्यत्र पाहिलेली नाहीत.

मला खेळता येत नाही, म्हणून माझ्याकडे प्रथमोपचाराची पेटी आणि एक कापडी पिशवी. खेळायच्या कपड्यांना खिसे नसत आणि इकाम्याशिवाय, म्हणजे राहण्याच्या परवान्याशिवाय, इथे घराबाहेर पाऊल टाकायचं नसतं, तेव्हा चोवीस जणांचे इकामे त्या पिशवीत जमा होत. त्या वेळी इकामा छोट्या पुस्तिकेसारखा असे. मुसलमानांचे हिरवे आणि इतरांचे तपकिरी, सगळे एकत्र. पिशवी मांडीवर घेऊन मी गाडीशी बसून राही, आणि रस्त्यावर टायर वाजला की दचकून उठे.

तिसऱ्या वर्षी ज्याची धास्ती होती तेच घडलं. रस्त्यावरून पोलिसांची जीप वळली आणि धूळ उडवीत तळ्याकडे येऊ लागली. पुढचं मी कसं केलं ते मला आजही सांगता येत नाही... मी गाडीत बसलो, ती सुरू केली आणि दुसऱ्या बाजूच्या कच्च्या वाटेने निघून गेलो. पंधराएक किलोमीटरवर एका पेट्रोल पंपापाशी थांबलो, घाम पुसायला हात वळवला, आणि शेजारच्या आसनावर ती पिशवी दिसली. चोवीस माणसं तिथे कागदाविना उभी होती. त्यांना उचलून नेलं असतं, एकेकाच्या कफिलाला, म्हणजे ज्याच्या हमीवर इथे राहायचं त्या मालकाला, कळलं असतं, काहींना परत पाठवलं असतं. आणि त्या प्रत्येकावर गावाकडचं एकेक घर उभं होतं. तरीही मी लगेच वळलो नाही. किती वेळ तसाच बसून होतो ते मला ठाऊक आहे, पण लिहायचं धैर्य नाही.

परतलो तेव्हा सगळे तळ्यात रांगेने बसलेले होते. एकटे वसंतराव पोलिसाशेजारी उभे होते आणि मोडक्यातोडक्या अरबीत, हातवारे करत, डॉक्टर येतोय, कागद त्याच्याकडे आहेत, असं पुन्हा पुन्हा सांगत होते. पोलिसाने एकेक इकामा उघडून चेहरे पडताळले. शेवटी "यल्ला, यल्ला" म्हणत त्याने सगळ्यांना निघायची खूण केली आणि जीप गेली. मग वसंतराव माझ्याकडे वळून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय डॉक्टर, बर्फ नाही मिळाला वाटतं?"

मी म्हणालो, "नाही."

त्या एका शब्दाच्या आडोशाला मी पाच वर्षं लपून राहिलो. वसंतरावांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पुढच्या वर्षी पिशवी घ्यायला मी नकार दिला, तर त्यांनी ती माझ्या गळ्यातच अडकवली. तेव्हा मी खिशातून गाडीची किल्ली काढून गुपचूप त्यांच्या हातात दिली. त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिलं, किल्ली मोज्यात खोचली आणि खेळायला गेले. नंतर दरवर्षी आमचं हे असंच चालत आलं, एक शब्दही न बोलता.

या वर्षी नावं मी वाचावीत असं इब्राहिमभाईंनी सुचवलं. ते दापोलीकडचे, इलेक्ट्रिशियन, वसंतरावांच्या संघाचे गोलकीपर. शेवटचं नाव वसंतरावांचं होतं. ते वाचून झालं आणि माझा आवाज थांबेना. पेट्रोल पंप, पिशवी, बर्फाची थाप, सगळं मी तिथेच सांगून टाकलं, आधी मराठीत आणि मग माझ्या वाईट हिंदीत. मला वाटलं, आता पिशवी काढून घेतील.

इब्राहिमभाई स्टिकेवर रेलून म्हणाले, "डॉक्टर, तेव्हा आमच्यात कोण बर्फ मागत होता? कुणाचा पाय मुरगळला होता?"

"म्हणजे तुम्हाला..."

"सगळ्यांना माहीत आहे हो. त्याच दिवशी कॅम्पवर राडा झाला. पोरं म्हणाली, हा पळपुटा डॉक्टर नको. वसंता म्हणाला, तो नसेल तर मी पण नाही. गेला तसा परत आला ना, म्हणाला. येताना त्याला जास्त भीती वाटली असणार." मग त्यांनी आपला इकामा पिशवीत टाकला. त्यांच्यामागून इतर सर्वांनी. तेवीस झाले.

सवयीने मी किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. तिच्याकडे पाहून ते हसले. "वसंताला द्यायचात, तेही माहीत आहे. मला नको. माझ्या मोज्याला भोक आहे."

किल्ली माझ्याकडेच राहिली. खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, इतक्यात रस्त्यावर एका गाडीचा वेग कमी झाला. स्टिका थांबल्या. तेवीसही जण रस्त्याकडे पाहत उभे राहिले. मी काय करतो आहे हे पाहायला एकानेही मान वळवली नाही. मी जागचा हललो नाही... गाडी पुढे निघून गेली. पुन्हा स्टिकांचा आवाज येऊ लागल्यावर मी मूठ उघडली, तेव्हा तळव्यावर किल्लीचे दाते खोल उमटलेले होते.