मावशींच्या गोष्टीत मरायला बंदी

लातूरच्या आमच्या मेसच्या मावशी कुणालाही गोष्टीत मरू देत नसत. मेडिकलच्या क्लाससाठी आलेल्या आम्ही आठ-दहा मुली. रविवारची टेस्ट उरकली की दुपारी त्यांच्याबरोबर शेंगा फोडायला बसायचो आणि पन्नास वर्षांनंतरचं लातूर रचायचो. एकीने थोडं सांगायचं, पुढच्या मुलीने तिथून उचलायचं. आधीच्या मुलीने सांगितलेलं खोडायचं नाही, आणि पाणी कुठून आलं ते सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे मावशींचे नियम.

अर्धापूरच्या मुलीने एकदा वैतागून उन्हाच्या तडाख्यात अख्खं शहर मारून टाकलं. मावशींनी हातातली शेंग फोडली. "मरणं सोपं हाय गं. आमच्या गावात ते दिवस उजाडायच्या आत उरकलं. दुपारी चूल कुणी पेटवली, ते सांग."

मुलीने गोष्टीत चूल पेटवली.

भूकंपात मावशींचं घर गेलं होतं. नवं गाव साहेबांनी कागदावर आखून आणलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं. बायकांना कुणी विचारलं नाही. मावशी दोनदा चुकून शेजारणीच्या घरात शिरल्या; दुसऱ्यांदा तर चहा करून झाल्यावर कळलं. "म्हणून आधीच बोलून ठेवायचं," त्या म्हणत. "सायब आल्यावर लई उशीर होतो."

मी इंग्रजी शाळेतली. माझं मराठी ऐकून मुली हसतील म्हणून पाळी आली की "पास" म्हणायचे. मावशी पुढच्या मुलीकडे वळत. "ऱ्हाऊ दे. तिची गोष्ट अजून पिकायलीय."

त्या उन्हाळ्यात बोअर आटला. टँकर आठवड्यातून एकदा येई, मग तोही चुकू लागला. मालकाने मेस बंद करायचं ठरवलं. मावशी नायगावला लेकीकडे जाणार होत्या. शेवटच्या रविवारी गोष्टीतलं लातूरही ओस पडू लागलं. एकेक मुलगी आपल्या माणसांना घेऊन गोष्टीतून निघून जात होती, थांबायला कुणी तयार नव्हती. मावशींचे हात पहिल्यांदाच थांबले.

माझी पाळी आली. "एक बाई परत येते," मी म्हणाले. "ती मेस ओपन करते."

कुणी हसलं नाही.

"पाणी कुठलं?" मावशींनी विचारलं.

"मला माहीत नाही."

नियम मोडला म्हणून मुली कुजबुजल्या. मावशींनी दाणे सुपात लोटले. "असू द्या. न्हाई माहीत म्हणणारा सायब आम्हाला भेटलाच न्हाई. बाई आली ना? आता बसा पाणी शोधत."

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

मेडिकलला माझा नंबर लागला नाही. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करताना आम्हाला कॉलेजने एका गावात पाण्याच्या टाकीची जागा बघायला पाठवलं. बाकीचे नकाशा घेऊन पुढे गेले. ओट्यावर एक म्हातारी बसली होती. टाकी कुठे हवी, असं मी तिला विचारलं.

"वैशाखात पाणी ऱ्हाईल का तिच्यात?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

म्हातारीने सरकून मला जागा करून दिली.