फडक्यावर उरलेली चावी

सगळा धक्का त्याला 'सावकाश मिस्त्री' म्हणायचा, आणि ते काही कौतुकानं नव्हे. बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेली, पण या माणसानं कुणाचं काम वेळेत दिलं असेल तर शपथ! कुणी कटकट केली की म्हणायचा, "घाई असेल तर पोहत जा." काम मात्र चोख. दिलेलं इंजिन त्याच तक्रारीसाठी पुन्हा दारात यायचं नाही.

त्या आठवड्यात गिऱ्हाईक घरचंच होतं. एकुलत्या एक लेकीनं जुनी बोट घेऊन उतारू खाडीपलीकडे नेण्याचा धंदा मांडला होता. पहिल्या फेरीआधीच वाऱ्यानं बोट उलटली आणि इंजिन रात्रभर खाऱ्या पाण्यात राहिलं. पोरीनं ते वर काढलं आणि उन्हात ठेवायला निघाली. मिस्त्री ओरडलाच, "अगं, धुणं आहे का ते वाळत घालायला? मिठाला हवा लागली की संपलं! टाक गोड्या पाण्याच्या पिंपात!"

"बुडालेल्याला परत बुडवायचं?"

"मी उघडेपर्यंत बुडलेलंच बरं."

तीन दिवस बापलेक राबले. आतलं पांढरं मीठ खरवडलं, हटून बसलेले बोल्ट तापवून सोडवले, सिलिंडरमध्ये तेल ओतून आळीपाळीनं दोरी ओढली. मिस्त्रीची एक रीत होती: सुटा केलेला प्रत्येक भाग जुन्या फडक्यावर ओळीनं मांडायचा. फडकं रिकामं झालं की काम झालं.

चौथ्या दिवशी लेक हट्टाला पेटली. "बाबा, चार उतारू थांबलेत. आज नाही नेलं तर कायमचे दुसऱ्या बोटीला जातील." तिचं तोंड एवढंसं झालेलं बघून मिस्त्री विरघळला आणि जन्मात पहिल्यांदा घाईला लागला. पिंपात उभं करून इंजिन चालू केलं. बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार उडाली. इंजिन थंड ठेवणारं पाणी आत फिरतंय, याची ती खूण. धक्क्यावर तिला सरळ 'मुतणं' म्हणतात.

"मुतलं गं बाई! जा आता," मिस्त्री म्हणाला.

ती गेली आणि पंधरा मिनिटांत यानं तीन फोन केले. "मुततंय ना?" तिसऱ्या वेळी ती उखडली. "हो, मुततंय! उतारू हसतायत, बाबा. आता केलात तर उचलणार नाही."

मिस्त्री आवराआवर करायला लागला. फडकं झटकलं तर घडीतून काहीतरी टण्णकन खाली पडलं. नखाएवढा, अर्ध्या चंद्रासारखा तुकडा. पंपाची चावी! पाणी खेचणारा रबरी पंखा दांड्याला जखडून ठेवते ती हीच. ती नसली तरी पंखा थोडा वेळ दांड्याबरोबर नुसता घासून फिरतो, धारही उडते. मग दांडा एकटाच फिरतो, पाणी थांबतं आणि तापलेलं इंजिन जाम होतं.

ओहोटी लागली होती. पाण्यावर खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या लाल बोयाच्या अलीकडे नांगराला तळ मिळतो, पलीकडे नाही. तिथं इंजिन बंद पडलं तर प्रवाह बोटीला थेट खडकांवर नेतो. आणि तिची बोट आता बोयापासून फार तर सात-आठ मिनिटांवर.

फोन लावला. तिनं कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. शब्दाची पक्की, बापावरच गेलेली!

चावी मुठीत धरून तो धक्क्यावर धावला. "तुझी होडी काढ!" तो जाळी विणणाऱ्या मित्रावर ओरडला.

"सावकाश, मिस्त्री, सावकाश," मित्र हसला.

"हसू नकोस रे! माझ्या हातून चावी राहिली. पोर मरेल माझी!"

मित्राच्या हातातली जाळी गळाली. होडी निघाली खरी, पण ती काही बोयापर्यंत वेळेत पोचणारी नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. मिस्त्रीनं मेसेज लिहायला घेतला. 'थांब' लिहिलं आणि पुसलं. तिला रोज दहा वेळा तो 'थांब'च सांगायचा, कोण ऐकतंय? तीस वर्षांत बायकोला, गिऱ्हाइकाला, कुणालाही न म्हटलेला एक शब्द त्यानं लिहिला आणि पाठवला.

'चुकलो.'

मग काही उरलं नाही करण्यासारखं. तो नुसता पाण्याकडे बघत बसला.

होडी पोचली तेव्हा लाल बोयाच्या अलीकडे, पन्नास-साठ हातांवर, लेकीची बोट नांगरावर डोलत होती. इंजिन बंद. धारेचं भोक कोरडं होतं आणि तापलेलं इंजिनाचं झाकण हात लावू देत नव्हतं.

मिस्त्री तिच्या बोटीत चढला. बोलायला तोंड उघडलं, पण रडूच फुटलं. मूठ उघडून त्यानं चावी दाखवली.

लेकीनं चावी बघितली, मग त्याच्याकडे. "तुमचा मेसेज बघितला," ती म्हणाली. "म्हटलं, बाबा हे लिहितायत म्हणजे मेलोच आपण. आधी इंजिन बंद केलं, मग मागे वळून इंजिनाकडे बघितलं."