केसतोड आणि पालखीचा उजवा खांदा

माझ्या चुलतभावाची पाठ गुळगुळीत आहे. एवढं एक वाक्य कबूल करायला मला काही वर्षं लागली, म्हणून ते आधीच लिहून टाकतो.

तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दहावीला दोनदा बसला आणि मग काजूच्या बागेत रमला. दिवसभर उघड्या अंगाने उन्हात, घामात, गवतात. ओरखडा उठला तरी दोन दिवसांत नाहीसा. आणि मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. कणकवलीच्या कॉलेजात बी.कॉम. केलं, सरकारी कचेरीत टेबल मिळवलं, पंख्याखाली बसतो. पण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून माझ्या पाठीवर, खांद्यांवर, मानेमागे केसतोड. केसाच्या मुळाशी लाल पुटकुळी, टोकाला पू. एक सुकते तोवर शेजारी तीन. बरी झाली तरी काळा डाग मागे ठेवते. देवाने वाढताना आमची पानं बदलली असणार, असं मला अगदी प्रामाणिकपणे वाटायचं.

शर्टाखाली हे सगळं खपून जातं. पण आमच्या गावच्या जत्रेत देवाची पालखी उघड्या अंगाने उचलायची असते, आणि पुढचा उजवा खांदा हा आमच्या घराचा मान. बाबांचे गुडघे गेल्यावर तो माझ्याकडे यायचा होता. तीन वर्षं मी रजा मिळत नाही म्हणून सांगितलं. तीन वर्षं चुलतभाऊ उभा राहिला. रजा मिळत नसलेला मी मात्र दरवर्षी गर्दीत हजर, गळ्यापर्यंत बटणं लावून. उतरत्या उन्हात त्याची पाठ तेल पाजलेल्या फणसाच्या फळीसारखी चकाकायची. शेजारी कोणीतरी म्हणायची, "कसो शोभता बघ गो!" मी देवाकडे बघतोय असं दाखवून त्याच्या पाठीवर एखादी तरी पुटकुळी शोधायचो. कधी सापडली नाही.

गेल्या वर्षी गणपती गेल्यावर बाबांनी मला समोर बसवलं.

"यंदा तू उभो रवाक व्हयो. नायतर तो खांदो कायमचो तुझ्या काकाच्या घराकडे जाता."

"बघतंय."

"बघतंय नाय. इतको शिकलंस, रजेचो अर्ज लिवक येणा नाय तुका?"

त्याच आठवड्यात कणकवलीला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून. बसायच्या आधीच म्हणालो, "मला क्रॉनिक फॉलिक्युलायटिस आहे." फोनवर वाचून गेलो होतो. डॉक्टरबाई किंचित हसल्या आणि म्हणाल्या, "बरं. शर्ट काढा."

औषधाच्या दुकानातून विचारून आणलेलं मलम मी दाखवलं, ते त्यांनी सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकलं. "यात स्टेरॉइड आहे. दोन दिवस बरं वाटतं, मग दुप्पट उठतं." मग एकेक सांगत गेल्या. सैल सुती कपडे. घाम आला की लगेच आंघोळ. पंचा स्वतःचा वेगळा. नखाने फोडायचं नाही. औषधी वॉश पाठीवर दोन-तीन मिनिटं ठेवून धुवायचा, गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. "आणि हे पुन्हा पुन्हा होणारं आहे. सांभाळत राहावं लागेल. अंगाला तेल लावता?"

"नाही," मी म्हणालो.

लावत होतो. पालखी उचलण्याआधी चुलतभाऊ घाण्यावरचं खोबरेल खांद्यांना चोळतो, ते मी पाहिलं होतं. त्याच्या पाठीचं मर्म त्या बाटलीत आहे अशी माझी समजूत झाली. आमच्याच माडांचे नारळ, आमच्याच आईने वाळवलेलं खोबरं. मग त्या तेलाने माझ्यावरच का रुसावं? रोज आंघोळ झाली की दार लावून मी पाठीला तेल चोळत होतो. पण इंग्रजी नाव सांगून खुर्चीत बसलेला माणूस तेल चोळतो म्हणून कसं सांगणार?

दोन महिने गेले. वॉशने रंग उडून आईने मला वेगळा काढून दिलेला लाल पंचा ठिकठिकाणी पांढरा पडला, माझी पाठ मात्र लालच. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझी कॉलर आतून उलटली. पिवळट, चिकट.

"हे काय आहे?"

मी कॉलर सरळ करायला लागलो.

"तुम्ही खोटं बोलायचं आणि मी औषधं बदलायची, असं किती दिवस चालवू या?"

घरी येऊन बाटली आईच्या हातात दिली. ती दुखावली. "घरच्या तेलान कोणाचा वायट झाला काय रे?"

"आये, तेल चांगलाच आसा. माझी पाठ चांगली नाय."

तेल सुटलं आणि महिन्याभरात फोड सुकायला लागले. जत्रेपर्यंत पू कुठेच नव्हता. डाग होते, ते राहिले.

देवळाच्या अंगणात मी शर्ट काढला. ओटीवरच्या एका काकीने विचारलंच, "अगो बाय, पाठीक काय रे ह्या तुझ्या?"

"केसतोड, काकी. औषध चालू आसा."

"असा काय! माका वाटला, हापिसातली माणसा उघडी होनत नाय."

सगळे हसले. मीही हसलो, आणि खांद्यावर दांडा घेतला. चुलतभाऊ बदली म्हणून माझ्या मागोमाग चालत होता, तेल लावून, चकाकत. देवळाभोवतीच्या पाच फेऱ्यांपैकी दुसरीला तो जवळ आला. "दमलंस रे दादा. दी माका." प्रेमाने म्हणाला असेल. मला त्याच्या आवाजात फक्त घाई ऐकू आली.

"दमलंय नाय मी."

पाचही फेऱ्या मीच मारल्या. एकदाही दिला नाही. लाकडाखाली कातडं सोलवटतंय हे कळत होतं, तरी नाही.

चार दिवसांनी त्याच खांद्यावर सात फोड. मोजून सात. डॉक्टरांनी बघितलं आणि पेन खाली ठेवलं. "आता काय केलंत?"

"पालखी. पाच फेऱ्या. बदली माणूस होता, पण दिली नाही."

"का?"

"चुलतभाऊ होता."

त्या हसल्या नाहीत. गोळ्या लिहिल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी दांड्याखाली सुती कापडाची घडी ठेवा. आणि मध्ये एखादी फेरी द्या त्याला."

घडी ठेवीन. फेरीचं मी काही बोललो नाही. बाईंशी पुन्हा खोटं बोलायचं नव्हतं.

परतताना वाटेत चुलतभाऊ भेटला. यंदाच्या आधीच्या तीन जत्रांत त्याच दांड्याखाली होता तोही, त्याच खांद्याने. काजूच्या फांद्या तोडत उघडाच उभा होता. मी गाडी थांबवली, इकडचं तिकडचं बोललो आणि त्याचा खांदा नीट बघून घेतला.

काहीच उठलं नव्हतं. कधीच काही उठलेलं नव्हतं.